काम तेच, मग थकवा वेगळा का? (प्रेरणा, ताण आणि सूत्रं कुणाच्या हातात)

तिरकस रेघ

माझं काम आकड्यांचे तक्ते लावून त्यांवर अहवाल लिहिण्याचं. मनापासून आवडतं. आधीच्या साहेबांच्या वेळी मी स्वतःहून उशिरापर्यंत बसायचे आणि तरी दुसऱ्या दिवशी ताजीतवानी असायचे. नवीन साहेब आले, काम उलट कमी झालं. बदल एवढाच की दर तासाला पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकट उघडते: "कुठवर आलं?" मी उत्तर टाइप करते, तक्त्याकडे वळते, तर मघाची ओळ सापडत नाही. ती शोधून जरा लय लागते न लागते तोच पुन्हा चौकट. संध्याकाळी मान आखडलेली, घरी आल्यावर कुणी साधं काही विचारलं तरी खेकसणं. आणि जे काम मी हौसेने करायचे तेच हल्ली "उद्या बघू" होतं.

सगळ्यांचा सल्ला एकच: कामाचा ताण झालाय, सुट्टी घे. मला हे निदानच पटत नाही. काम तर कमी झालंय! माझ्या मते ताण कामाचा नाही, सूत्रं हातातून गेल्याचा आहे. आणि 'प्रेरणा संपली' म्हणून आपण जी ओरड करतो तीही बरेचदा यातूनच येते.

याला पुरावाही आहे. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या दोघांनी १९७२ साली गोंगाटावरचे आपले प्रयोग पुस्तकरूपाने मांडले. माणसांना खोलीत बसवून १०८ डेसिबलचा आवाज ऐकवायचा, तोही कधी येईल याचा नेम नाही असा. काहींच्या हाताशी एक बटण दिलेलं. "दाबलंत तर आवाज बंद होईल, पण शक्यतो दाबू नका," अशी सूचना. बहुतेकांनी दाबलंच नाही, म्हणजे बटण असलेल्या आणि नसलेल्या दोघांच्याही कानांवर आवाज तेवढाच आदळला. पण आवाज थांबल्यावर मुद्रितशोधनाला बसवलं तेव्हा बटणवाल्यांच्या नजरेतून कमी चुका निसटल्या. न सुटणारी कोडी दिली तर ते कितीतरी जास्त वेळ झगडत राहिले. कुणी हातही न लावलेल्या बटणाने एवढा फरक!

मला यातली मेख अशी वाटते की नुकसान आवाज चालू असताना दिसत नाही. तेव्हा सगळेच निभावून नेतात. ते दिसतं नंतर, आणि दिसतं ते चिकाटीत. दिवसभराच्या ताणाची वसुली संध्याकाळच्या उमेदीतून होते.

तुमचे अनुभव लिहा. 'सकारात्मक राहा' असं लिहायला येणाऱ्यांनी कृपया दुसरा धागा बघावा.

टिंबटिंब

वाचतोय. सविस्तर प्रतिसाद नंतर, आत्ताच आमच्याकडेही चौकट उघडली आहे.

शंकासुर

धागा चांगला आहे, पण गृहीतकावर शंका घेणं आपलं कर्तव्य. सूत्रं हातात असली की ताण नाही, असं असेल तर ज्यांच्या हातात सगळी सूत्रं आहेत त्या मोठ्या साहेबलोकांना रक्तदाब आणि अल्सर का होतात?

जोसेफ ब्रॅडी यांचा 'एक्झिक्युटिव्ह माकडां'चा १९५८ चा प्रयोग बघा. माकडांच्या जोड्या. दोघांना दर वीस सेकंदांनी विजेचा धक्का बसणार. एकाच्या हाताशी खटका, तो वेळेत दाबला की दोघांचाही धक्का टळतो. सहा तास ही ड्यूटी, सहा तास आराम, की पुन्हा ड्यूटी. दुसरं माकड नुसतं बसून. अल्सर होऊन मेलं कोण? खटका दाबणारं. त्याच्या जोडीदाराला काही झालं नाही. जबाबदारी ज्याच्या गळ्यात, आजार त्याच्या पोटात, असा साधा हिशोब आहे.

कोरा कागद

शंकासुर, हा प्रयोग वर्षानुवर्षं पाठ्यपुस्तकांत मिरवला गेला आणि 'साहेबांना अल्सर' ही समजूत पक्की व्हायला त्याचा मोठा हातभार लागला. (मी हा विषय शिकवतो, त्यामुळे प्रतिसाद लांबला तर सांभाळून घ्या.)

घोळ निवडीत होता. कुठलं माकड खटक्यापाशी बसणार हे चिठ्ठी टाकून ठरवलेलं नव्हतं. आधी चाचणी घेतली, आणि जी माकडं पटापट खटका दाबायला शिकली त्यांनाच 'साहेब' केलं. म्हणजे मुळात जी जास्त उतावळी, तीच नेमकी त्या जागी गेली. शिवाय जोड्या होत्या फक्त चार.

पुढे मानसशास्त्रज्ञ जे. वाइस यांनी उंदरांवर हेच काम नीट केलं. नेमणूक चिठ्ठीवर. धक्के दोघांना अगदी सारखे, कारण दोघांच्या शेपट्या एकाच तारेच्या मंडलात. फरक इतकाच की एकाला समोरचं चाक फिरवून धक्का थांबवता किंवा टाळता येतो, दुसऱ्याचं चाक कशालाच जोडलेलं नाही. निकाल ब्रॅडींच्या बरोबर उलटा: ज्याचं चाक चालतं त्याच्या पोटात जखमा कमी, ज्याचं चाक निकामी त्याच्या पोटात जास्त.

अवांतर: माणसांतल्या अल्सरचा मुख्य दोषी ताण नसून हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू निघाला. त्या शोधाला २००५ चं नोबेल मिळालं. तेव्हा साहेबांच्या पोटाचा विषय इथे सोडून देऊ.

हृदयाचं बघायचं असेल तर ब्रिटनच्या सरकारी नोकरांचा 'व्हाइटहॉल' अभ्यास आहे. दुसरा टप्पा १९८५ मध्ये सुरू झाला, १०,३०८ माणसं. हृदयविकार वरच्या पदांवर जास्त असेल अशी आपली अटकळ. आढळलं ते उलटं: पद जितकं खालचं तितका धोका जास्त. आणि १९९७ साली त्याच अभ्यासातून पुढे आलं की आपल्या कामावर आपलं किती चालतं, याचा त्या धोक्याशी थेट संबंध लागतो. रॉबर्ट कॅरासेक यांनी तर १९७९ मध्येच मांडलं होतं की नुसतं जास्त काम माणसाला मोडत नाही. जास्त काम आणि कमी अधिकार ही जोडी मोडते.

शंकासुर

चार जोड्या आणि निवडही आधीच ठरलेली, हे माहीत नव्हतं. ठीक, माकडं मागे घेतो. पण खालच्या पदावर पगारही कमी असतो, धूम्रपानही जास्त असतं. सगळं श्रेय 'अधिकारा'ला कसं द्यायचं?

कोरा कागद

सगळं नाहीच द्यायचं. धूम्रपान, रक्तदाब वगैरे वजा केल्यावरही वरच्या-खालच्या पदांतला फरक बराचसा शिल्लक राहतो, एवढंच म्हणता येतं. अशा पाहणीतून कारण सिद्ध होत नाही हे मान्य. म्हणूनच उंदरांचे प्रयोग महत्त्वाचे: तिथे पगार नाही आणि सिगरेटही नाही.

अर्धविराम

मी वेगळ्याच टोकाला आहे. सहा-सात वर्षांपूर्वी नोकरी सोडली, घरून चित्रं काढून देतो. कधी उठायचं, कुणाचं काम घ्यायचं, कुणाचं नाकारायचं, सगळं माझ्या हातात. रेघताईंच्या हिशोबाने मी मजेत असायला हवा! प्रत्यक्षात नोकरीत होता त्यापेक्षा ताण जास्त आहे.

नमुना सांगतो. मुखपृष्ठाचे तीन आराखडे पाठवले. दोन निळ्या खुणा दिसल्या, म्हणजे समोरच्याने बघितलं. उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी मीच चौथा आराखडा करून पाठवला, न मागता. तिसऱ्या दिवशी पहिल्याचा रंग बदलून. आठवड्याने उत्तर आलं, "पहिलाच चालेल, प्रवासात होतो." त्या आठवड्यात दुसऱ्या कामाची एक रेघही ओढली नाही. इथे कुणी मला चौकट उघडून छळत नव्हतं. उलट कुणीतरी छळावं असं वाटत होतं.

तिरकस रेघ

बाप रे, हे खरंच माझ्या चौकटीत बसत नाही. (चौकट हा शब्दच आता नकोसा झालाय.) कागदसर?

कोरा कागद

सर नको हो, ते वर्गापुरतं.

अर्धविरामांचं उदाहरण वाइसच्या पुढच्या प्रयोगांत चपखल बसतं. १९७१ मध्ये त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या करून पाहिल्या: प्राणी किती वेळा हातपाय मारतो, आणि मारल्यावर त्याला 'जमलं' अशी खूण मिळते का. चाक फिरवल्याबरोबर एक सूर वाजला, म्हणजे 'धक्का टळला' अशी पोच मिळाली, तर जखमा फार कमी. पोच नाही आणि प्राणी मात्र सारखा चाक फिरवतोय, तिथे जखमा जास्त. चाक फिरवलं की लगेच एक छोटा धक्काच बसायला लागला, तर मात्र चाकवाल्याची अवस्था निकामी चाकवाल्यापेक्षाही वाईट झाली.

म्हणजे सूत्रं हातात असणं पुरेसं नाही, ती ओढल्यावर पलीकडे काहीतरी हललं हे कळावं लागतं. न मागता केलेला चौथा आराखडा म्हणजे पोच नसताना फिरवलेलं चाक. तुमच्याकडे अधिकार भरपूर आहे, पोच शून्य आहे.

आणि रेघताईंच्या साहेबांचंही यातून कळतं. दर तासाची विचारणा ही पोच नव्हे. तिच्यातून काम बरं झालं की वाईट, हे काहीच समजत नाही. समजतं एवढंच की कुणीतरी बघतंय.

अर्धविराम

"कुणीतरी बघतंय" यात एवढं काय आहे? नोकरीत असताना माझ्याही पाठीशी कुणी येऊन उभं राहिलं की हात थरथरायचा. ताण म्हणजे वाघ मागे लागल्यावर होतो तो, असं आपण ऐकतो. इथे वाघ कुठाय?

कोरा कागद

माणसाला माणसाची नजर पुरते. प्रयोगशाळेत ताण निर्माण करायची सगळ्यात प्रचलित पद्धत १९९३ मध्ये जर्मनीतल्या ट्रिअर इथे तयार झाली. वाघ नाही, वीज नाही. परीक्षकांपुढे पाच मिनिटं भाषण करायचं, मग १०२२ मधून १३ वजा करत तोंडी उलटं मोजत जायचं. चुकलात की "पुन्हा पहिल्यापासून." परीक्षकांना ताकीद असते: हसायचं नाही, मान डोलवायची नाही. बस्स. एवढ्यावर बहुतेकांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल (ताणात शरीरात स्रवणारं संप्रेरक) चांगलं चढतं. छातीतली धडधड काही सेकंदांतच सुरू होते, कॉर्टिसॉलचं शिखर मात्र वीसेक मिनिटांनी येतं. भाषण संपवून बाहेर आल्यावर पाय लटपटतात ना, तसं.

सॅली डिकरसन आणि मार्गारेट केमेनी यांनी २००४ मध्ये अशा २०८ अभ्यासांचा एकत्र धांडोळा घेतला. नुसतं कठीण काम दिलं तर कॉर्टिसॉल फारसं हलत नाही. सगळ्यात जास्त चढतं ते दोन गोष्टी जुळून आल्यावर: निकाल आपल्या हातात नाही, आणि कुणीतरी आपल्याला जोखतंय.

टिंबटिंब

मी आत्ता १०२२ मधून १३ वजा करून बघितले. ९७० पर्यंत ठीक, मग बायको येऊन बघायला लागली.

भिंगरी

धागा मस्त रंगलाय. माझा प्रश्न लेकीचा आहे. नऊ वर्षांची आहे, वाचनाचं भयंकर वेड. सासूबाईंनी कौतुकाने जाहीर केलं, एक पुस्तक संपवलंस की एक बक्षीस. आता ती सगळ्यात पातळ पुस्तकं निवडते आणि शेवटचं पान आधी मोजते. हे सूत्रांचंच प्रकरण ना?

तिरकस रेघ

अगदी तेच! यावर १९७३ चा मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांचा प्रयोग आहे. बालवाडीतली, चित्रं काढायला आवडणारी मुलं. एका गटाला आधीच सांगितलं, चित्र काढलंस तर छान रिबीन लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. दुसऱ्याला न सांगता शेवटी दिलं. तिसऱ्याला काहीच नाही. काही दिवसांनी मोकळ्या वेळात कोण आपणहून रंगीत पेनं उचलतंय ते गुपचूप पाहिलं, तर ठरवून बक्षीस मिळालेल्या मुलांचा चित्रांतला वेळ बाकीच्यांच्या निम्म्यावर आलेला. अवचित मिळालेल्यांचं काही बिघडलं नाही.

शंकासुर

पण यावरून 'बक्षीस वाईट' असा सरसकट फतवा निघतो तो चुकीचा. मुळात आवड होती म्हणून ती मारली गेली. ज्या कामात आवडच नाही, तिथे बक्षिसाने मारायला शिल्लक काय असतं? पाढे पाठ करायला, दात घासायला बक्षीस खुशाल द्यावं. एडवर्ड डेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये १२८ अभ्यास एकत्र केले त्यातही हा फरक दिसतो, आणि तोंडी शाबासकीने तर आवड वाढलेली दिसते. (लहान मुलांत तेवढी नाही.) आजीने पुस्तकाबद्दल दोन प्रश्न विचारले, तर ते बक्षिसापेक्षा बरं.

भिंगरी

म्हणजे आता तिच्यावर पूर्ण सोडून द्यायचं का? तिची ती निवडेल? आमच्या घरात तर कुणीच काही एकट्याने निवडत नाही. :)

कोरा कागद

इथे एक गंमत आहे. शीना अय्यंगार आणि लेपर यांनी १९९९ मध्ये सात ते नऊ वर्षांच्या अमेरिकी मुलांना शब्दकोडी दिली. काहींनी कोड्याचा प्रकार स्वतः निवडला, काहींचा प्रयोग घेणाऱ्या अनोळखी बाईंनी निवडला, काहींना सांगितलं की तुझ्या आईने निवडलाय. युरोपीय वंशाच्या मुलांनी स्वतः निवडलेल्यात बाजी मारली. आईचं नाव ऐकून त्यांचा उत्साह मावळला. आशियाई वंशाच्या मुलांनी मात्र सगळ्यात जीव तोडून कोडी सोडवली ती आईने निवडलेली. अनोळखी बाईंनी लादलेलं दोघांनाही नको होतं.

मला यातून दिसतं ते असं: निवड एकट्याने केली का, यापेक्षा ती आपली वाटते का, हे मोलाचं. आपल्या माणसाने आपल्याला ओळखून निवडलेलं 'आपलं' वाटू शकतं. मात्र तीच आई जर "वाचलंस का? किती पानं झाली?" करत बसली, तर ती आई न राहता रेघताईंचा साहेब होते.

तिरकस रेघ

मधल्या मधे माझी खबर. विचारणेची वाट न पाहता मी स्वतःच अकरा आणि चार वाजता दोन ओळी पाठवते असं साहेबांना सुचवलं. तयार झाले, पण अधूनमधून राहवत नाहीच त्यांना. तरी मधले तास बरेचसे माझे झालेत.

खेकसण्याचं मात्र कोडं आहे. कार्यालयात मी एकदम शांत चेहऱ्याने असते. घरी येऊन भडका. एका मैत्रिणीचा सल्ला: उशी घे आणि बडव, राग बाहेर पडू दे.

कोरा कागद

उशीला सोडा. ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये चिडलेल्या लोकांना, चिडवणाऱ्याचा विचार करत पिशवीवर ठोसे मारायला लावले. त्यांचा राग नुसत्या बसून राहिलेल्यांपेक्षा जास्त निघाला. राग म्हणजे काही कोंडलेली वाफ नाही की झाकण उघडलं आणि गेली. ठोसे मारताना आपण तो घटवत नाही, घोकतो.

शांत चेहऱ्याचीही किंमत असते. जेम्स ग्रॉस यांच्या प्रयोगांत भावना चेहऱ्यावर येऊ न देणाऱ्यांना आतून ती तेवढीच जाणवत होती, वर शरीराची धावपळ वाढलेली. पुढे असंही दिसलं की चेहरा सांभाळण्याच्या नादात त्या वेळी काय बोललं गेलं ते नीट लक्षात राहत नाही. आधीच, म्हणजे भावना उसळायच्या आत प्रसंगाचा अर्थ वेगळा लावणाऱ्यांना हा भुर्दंड पडला नाही. 'हा माणूस मला जोखतोय' ऐवजी 'याच्या वरच्याने याला पिडलंय' असा. बरेचदा ते खरंही असतं.

ओंजळ

बरेच दिवस नुसती वाचत होते. आज लिहिते.

आई दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळून आहे. तुम्ही सगळे सूत्रांबद्दल बोलताय. माझ्या हातात काय आहे? आजार नाही, तिचं दुखणं नाही, रात्री किती वेळा उठायचं तेही नाही. बरं, मी हे कुणी लादलं म्हणून करत नाहीये. माझीच निवड आहे, माझीच आई आहे. तरी मी मोडकळीला आलेय. या धाग्याप्रमाणे माझं काय होणार, हे वाचायला नको वाटतं.

शंकासुर

ताई, उंदरांवरून तुमचं भविष्य सांगायची इथे कुणाची प्राज्ञा नाही. लिहिलंत ते बरं केलंत.

कोरा कागद

ओंजळताई, तुमच्या प्रश्नाला धरूनच एक गोष्ट सांगतो, कारण ती उशिरा कळलेली आहे.

मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी १९६७ मध्ये कुत्र्यांवर प्रयोग केले. ज्यांना धक्का थांबवायचा काहीच मार्ग नव्हता, त्यांतले बरेच पुढे साधा अडसर ओलांडून सुटता येत असतानाही तिथेच पडून राहिले. याला 'शिकलेली असहायता' म्हटलं गेलं. सुमारे पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, मेंदूवरच्या नव्या कामाच्या आधारे दोघांनी आपलंच म्हणणं उलटं केलं. दीर्घ त्रासात गळून जाणं शिकावं लागत नाही, ती मेंदूची मूळची प्रतिक्रिया आहे. शिकावं लागतं ते 'इथे माझं काहीतरी चालतं' हे. ते उमगलं की कपाळामागचा मेंदूचा भाग खालच्या घबराटीच्या केंद्राला आवरतो. तेव्हा तुम्ही मोडकळीला आलात यात तुमचं काही कमी पडलेलं नाही.

रिचर्ड लाझारस आणि सुझन फोकमन यांनी १९८४ मध्ये तोंड देण्याच्या दोन तऱ्हा सांगितल्या: जे बदलता येतं ते बदलणं, आणि जे येत नाही त्यापायी होणारी मनाची तगमग सांभाळणं. न बदलणाऱ्या गोष्टीवर पहिली तऱ्हा चालवत राहिलं की माणूस नुसता झिजतो. आजार दुसऱ्या खात्यात टाका. पहिल्या खात्यात काय उरतं? छोटंसंच असेल.

अर्धविराम

ताई, मदतीला कुणी येतं का?

ओंजळ

भाऊ येतो. जमेल तेव्हा. आला की खूप करतो, चार-चार तास थांबतो. पण कधी येणार ते ठाऊक नसतं, त्यामुळे मी स्वतःचं काहीच ठरवू शकत नाही. आईही दारावरची घंटा वाजली की "तो आला का?" विचारते. नसतो.

कोरा कागद

मग त्याचे तास राहू देत तेवढेच, वार पक्का करून घ्या. रिचर्ड शुल्झ यांनी १९७६ मध्ये वृद्धाश्रमात हेच पाहिलं. विद्यार्थी भेटायला जायचे. काही वृद्धांनी भेटीची वेळ स्वतः ठरवली, काहींना आधी नुसतं कळवलं, काहींकडे विद्यार्थी अचानक टपकले. भेटी साधारण सारख्याच, तरी पहिले दोन गट तब्येतीने आणि मनाने जास्त बरे होते. आणि त्या दोघांत एकमेकांत फरक नव्हता. वेळ ठरवायची मुभा नसली तरी आधी माहीत असणं पुरलं.

एक खबरदारी मात्र घ्या. प्रयोग संपला, भेटी थांबल्या, आणि पुढच्या पाहणीत तेच दोन गट खालावलेले दिसले. अचानक भेटवाले होते तसेच राहिले. म्हणून भावाला झेपेल तेवढंच कबूल करायला सांगा. आठवड्यात दोनदा म्हणून महिन्यात बंद पडण्यापेक्षा एकदाच, पण नक्की.

तिरकस रेघ

आणि तो वार आईला कॅलेंडरवर दिसेल असा लिहून ठेव.

ओंजळ

त्याला गुरुवार जमू शकतो. आज रात्री फोन करते. "बघू, जमेल तसं" म्हणाला तर इथे येऊन त्याची तक्रार लिहीन, मग बसा उत्तरं देत.

टिंबटिंब

लिहा ताई. शंकासुरांना द्या त्याचा नंबर, तो गुरुवारसुद्धा आणि रविवारसुद्धा कबूल करेल.